बासष्टीला सोशल सिक्युरिटी आणि नोकरीही

अमेरिकेतल्या मराठी घरांत कुणी साठी ओलांडली की एक सल्ला हमखास मिळतो : ‘नोकरी चालू असताना सोशल सिक्युरिटी घेऊ नकोस, सरकार ती परत काढून घेतं.’ या सल्ल्यात दोन निराळ्या कपातींची गल्लत झालेली आहे. एक कपात पुढे भरून निघते, दुसरी जन्मभर राहते. लोक घाबरतात मात्र पहिलीला.

पहिली कपात पगारामुळे होते. 62 व्या वर्षी सोशल सिक्युरिटीची पेन्शन घेऊन नोकरीही ठेवणाऱ्यासाठी 2025 साली मर्यादा होती 23,400 डॉलर. त्यावरच्या दर दोन डॉलर कमाईमागे पेन्शनमधला एक डॉलर रोखतात. पगार 40,000 असेल तर वर्षाला 8,300 डॉलर. पेन्शन महिना 1,400 धरली तर जवळजवळ सहा महिने हाती काहीच पडत नाही, म्हणून माणूस हबकतो. पण हे पैसे बुडीत खात्यात जात नाहीत. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण निवृत्तीचं वय 67. ते गाठलं की रोखलेले महिने मोजून पेन्शन नव्यानं ठरवतात. एकूण 24 महिने रोखले असतील, तर ती 64 व्या वर्षी सुरू केली असं धरतात आणि महागाईची वाढ सोडूनही 1,400 चे 1,600 होतात.

दुसरी कपात वयाची. 67 ला 2,000 मिळणार असतील तर 62 ला 1,400, म्हणजे 30 टक्के कमी. ‘सदुसष्ट झाले की आपोआप पूर्ण मिळेल’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. नोकरी न करता 62 पासून पेन्शन घेतली, तर ही घट कायमची.

पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, ठेवींचं व्याज यांची चिंताही अनेकांना असते. पहिल्या कपातीच्या मर्यादेसाठी मात्र फक्त पगार आणि स्वतःच्या व्यवसायाची कमाई धरतात. आयकराचा हिशेब अर्थात वेगळा. आणि 67 पूर्ण झाल्यावर कितीही कमवा, काही रोखत नाहीत. पूर्ण निवृत्तीच्या वयानंतरही रोखण्याचा नियम 2000 सालीच गेला.

आपल्या लोकांनी एक गोष्ट जरूर पाहावी. पेन्शन सर्वाधिक कमाईच्या 35 वर्षांवरून ठरते. भारतातल्या नोकरीची वर्षं तिथे धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करारच नाही. पस्तिशीत अमेरिकेत आलेल्याच्या खात्यात बासष्टीला 27 वर्षं भरतात, उरलेली आठ शून्य. पेन्शन चालू असतानाही कापला जाणारा सोशल सिक्युरिटी कर त्यामुळे वाया जात नाही. नोकरीचं प्रत्येक नवं वर्ष एकेक शून्य पुसतं.

घाईत अर्ज केलाच असेल, तर मंजुरीनंतर 12 महिन्यांच्या आत तो मागे घेता येतो. मिळालेली सगळी रक्कम परत करावी लागते, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते.