वाहनदुरुस्ती कारागिरांची वेतनपद्धती

वाहनदुरुस्ती कारागिरांची वेतनपद्धती म्हणजे मोटारगाड्या, दुचाकी आणि मालवाहू वाहने दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना श्रमाचा मोबदला देण्याची रीत होय. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कारागिराला हजेरीनुसार ठरावीक पगार मिळतो, तर दुसऱ्यात त्याने पुऱ्या केलेल्या कामानुसार मोबदला मिळतो. गॅरेज रिकामे राहिलेला दिवस, दोष शोधण्यात गेलेला वेळ आणि फसलेली दुरुस्ती यांचा भार मालक, कारागीर व ग्राहक यांपैकी कोणी सोसायचा, हे मुख्यतः वेतनपद्धतीवरून ठरते.

संज्ञा

मराठीत दोन्ही पद्धतींसाठी जुने शब्द आहेत. दिवसाच्या हजेरीवर मिळते ती रोजंदारी. ठरलेल्या रकमेत एखादे काम पुरे करून द्यायचे असते, तेव्हा त्यास उक्ते काम किंवा अंगावर घेतलेले काम म्हणतात. गावगाड्यात सुतार व लोहार यांना शेतीच्या अवजारांची वर्षभर निगा राखल्याबद्दल सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते मिळत असे. मोडतोड कमी झाली वा अधिक झाली, तरी त्यांचा हक्क कायम राही. या अर्थाने बलुते हे आजच्या ठरावीक पगाराला जवळचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वरूप

कोल्हापूर शहरातील शिवाजी उद्यमनगर हा यंत्रकाम व वाहनदुरुस्तीचा जुना परिसर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती व पुणे-बंगळूर महामार्ग यांमुळे जिल्ह्यात वाहनांची वर्दळ मोठी असते.

कामावर आधारित मजुरी या जिल्ह्याला नवी नाही. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडाचे पीक व मीटर यांवर ठरते. ऊसतोडणीची मजुरी टनावर मिळते. मात्र कापड मोजता येते आणि ऊस तोलता येतो; दुरुस्तीला असे सोपे माप नाही. क्लचप्लेट बदलणे हे मोजता येणारे काम आहे. चढावर गाडी अधूनमधून का बंद पडते, हे शोधण्यास किती वेळ लागेल, ते आधी सांगता येत नाही. या व्यवसायातील वेतनाच्या वादाचे मूळ बहुतांशी येथे आहे.

लहान गॅरेजमध्ये मिस्त्री स्वतःच मालक असतो आणि हाताखालच्या हेल्परला आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम देतो. डेंटिंग-पेंटिंगसारखी कामे अनेकदा उक्ती दिली जातात. कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांत मूळ पगार आणि त्यावर कामगिरीनुसार प्रोत्साहनभत्ता अशी रचना आढळते.

ठरावीक पगार

या पद्धतीत काम कमी असले तरी कारागिराचे घर चालते. तो निदानासाठी पुरेसा वेळ देऊ शकतो आणि हेल्परला शिकवताना त्याचे उत्पन्न बुडत नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या कार्यशाळांतील यांत्रिक कर्मचारी वेतनश्रेणीवर काम करतात. तेथील बसगाड्या महामंडळाच्याच मालकीच्या असल्याने दुरुस्ती विकण्याचा प्रश्न येत नाही. बस वाटेत बंद न पडणे हाच कामाचा हेतू असतो.

या पद्धतीचा दोष असा, की झटून काम करणारा आणि चालढकल करणारा यांना सारखाच पगार मिळतो. त्यामुळे कुशल कारागीर नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज काढण्याचा विचार करू लागतो.

कामावर आधारित वेतन

हे वेतन प्रामुख्याने दोन रीतींनी ठरते. पहिल्या रीतीत ग्राहकाकडून घेतलेल्या मजुरीचा काही हिस्सा कारागिराला मिळतो. दुसरी रीत प्रमाणित वेळेची असून ती अमेरिकेत विशेष रूढ आहे. तीत प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात. एखाद्या कामास ३ तास ठरले असतील आणि कारागिराने ते २ तासांत केले, तरी त्याला ३ तासांचे पैसे मिळतात. गंजलेला बोल्ट तुटून तेच काम ५ तास चालले, तरीही त्याला ३ तासांचेच पैसे मिळतात.

काम नसेल तर उत्पन्न नाही, हा या पद्धतीतील मोठा धोका आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा काळात पगारदाराचे वेतन चालू राहते, परंतु अंगावर काम करणाऱ्याची कमाई थांबते. पूर ओसरल्यावर पाणी शिरलेल्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा त्याच कारागिराला पगारदारापेक्षा अधिक मिळण्याची संधी असते. तथापि घरभाडे व किराणा यांचा खर्च त्या दिवसांची वाट पाहत थांबत नाही.

अभ्यास व अनुभव

अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लाझिअर यांनी सेफलाइट या अमेरिकी कंपनीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मोटारींच्या काचा बसवणाऱ्या या कंपनीने १९९४-९५ मध्ये तासाच्या वेतनाऐवजी नगावर मजुरी सुरू केली आणि किमान वेतनाची हमीही ठेवली. प्रत्येक कारागिरामागे होणारे काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. त्यातील साधारण निम्मी वाढ त्याच कारागिरांनी अधिक काम केल्यामुळे झाली. उरलेल्या वाढीत अधिक कुशल माणसे कंपनीत येण्याचा व टिकण्याचा मोठा वाटा होता. सदोष बसवलेली काच कारागिराला स्वतःच्या वेळेत पुन्हा बसवावी लागे.

याउलट अनुभव १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात आला. सीअर्स कंपनीच्या वाहनसेवा केंद्रांनी ग्राहकांच्या गळ्यात अनावश्यक दुरुस्त्या मारल्याचा आरोप तेथील ग्राहक व्यवहार विभागाने केला. त्यानंतर कंपनीने सेवा सल्लागारांचे कमिशन बंद केले.

दोन्ही उदाहरणांतील फरक कामाच्या स्वरूपात आहे. काच फुटली आहे, हे ग्राहकाला दिसते. ब्रेकचा भाग खरोखर झिजला आहे का, हे त्याला कळत नाही. बेंग्ट होल्मस्ट्रॉम व पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, कामाच्या अनेक अंगांपैकी मोजता येणाऱ्या अंगालाच मोबदला जोडला, तर न मोजता येणाऱ्या अंगांकडे दुर्लक्ष होते. वाहनदुरुस्तीत काळजीपूर्वक निदान, सुरक्षितता आणि नवख्यांचे शिक्षण ही अशी अंगे होत.

कायदेशीर तरतुदी

भारतात किमान वेतन अधिनियम, १९४८ याने वेळेनुसार व कामानुसार असे दोन्ही प्रकारचे किमान दर ठरवण्याची तरतूद केली होती. त्याची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नगावर काम करणाऱ्यासाठी केवळ वेळेनुसार किमान दर ठरलेला असेल, तर त्याला त्या दरापेक्षा कमी वेतन देता येत नाही. कामगाराच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले असल्यास वेतनातून कपात करता येते. मात्र त्यापूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कपात नुकसानीच्या रकमेहून अधिक करता येत नाही. ठरलेल्या तासांपेक्षा अधिक वेळ काम केल्यास त्या वेळेचे वेतन दुप्पट दराने द्यावे लागते.

संमिश्र पद्धती

दोन्ही पद्धतींचे दोष कमी करण्यासाठी निर्वाहापुरता मूळ पगार व त्यावर कामगिरीचा भत्ता अशी रचना केली जाते. भत्ता केवळ बिलाच्या रकमेवर दिल्यास महागडे सुटे भाग बदलण्याचा मोह वाढतो. तोच पहिल्याच खेपेस नीट झालेल्या दुरुस्तीवर, म्हणजे त्याच तक्रारीसाठी परत न आलेल्या गाड्यांवर दिल्यास मोह घटतो. निदानाची मजुरी बिलात वेगळी दाखवल्यास दोष शोधण्याच्या श्रमाला मोल मिळते आणि ग्राहकालाही आपण कशाचे पैसे देत आहोत, हे समजते. नवख्याला शिकवणाऱ्या मिस्त्रीला त्या वेळेचा मोबदला देणे, हाही या रचनेचा भाग होऊ शकतो. आयटीआयमधील दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणालाही प्रत्यक्ष निदानाचे कसब अनुभवी कारागिराच्या हाताखालीच अंगी बाणवावे लागते.