तापणारा प्रोसेसर

जुन्नर तालुक्यात खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या लहरींचे गणित संगणक करतात. गणित करताना संगणकाचा प्रोसेसर तापतो. १९८९ साली आलेला ‘४८६’ कमी तापत असे. १९९३ च्या ‘पेंटियम’ला मात्र हीटसिंक व पंखा लागला.

हीटसिंक म्हणजे पातळ पात्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. चहा बशीत ओतला की लवकर निवतो. कारण त्याला जास्त हवा लागते. पात्यांचे कामही तसेच.

जुना संगणक दुरुस्त करताना प्रोसेसरवर नीट बसेल असाच हीटसिंक निवडावा. वाळलेले मलम पुसून नव्याचा पातळ थर लावावा. नाहीतर मध्ये हवा राहते आणि उष्णता अडते. शेवटी क्लिप घट्ट बसवावी. एवढी काळजी घेतली, तर जुना संगणकही पुष्कळ वर्षे चालतो.