नेमणूक, बदली आणि व्हॉल्व्हची चावी

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या रांगा लागतात, परराज्यांतून व्यापारी येतात आणि तापीकाठचं हे गाव काही दिवस शहर होऊन जातं. अशा गर्दीला पाणी पुरवणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याची कसोटी. टाकीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकायची, नळाचं पाणी परीक्षानळीत धरून त्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब सोडायचे, पिवळी छटा आली की निर्धास्त व्हायचं. पावडर कमी पडली तर रोगराई, जास्त झाली तर पाणी तोंडात धरवत नाही. हा अंदाज हातात यायला वर्षं जातात. या वर्षांची नोंद नोकरीच्या हिशोबात कुठे होते, हे पाहायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सारंगखेडा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. 1967 मध्ये परिषदांच्या नोकरीचे, म्हणजे जिल्हा सेवा भरतीचे नियम आले. कोणत्या पदाला किती शिक्षण, सरळसेवेने किती जागा, पदोन्नतीने किती, हे कागदावर आलं. ती मोठी गोष्ट होती, कारण नेमणुकीला नियमाचा आधार मिळाला. तरी ‘हा कोणाचा माणूस?’ हा प्रश्न गावोगावी विचारला जातच राहिला. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय जवळ आलं, पण हा प्रश्न काही सुटला नाही.

बदल्यांचं दुखणं तर आमच्या जिल्ह्याला नीट ठाऊक आहे. शहादा तालुक्यातल्या सपाटीवरची शाळा सगळ्यांना हवी, अक्राणीच्या डोंगरातली कोणालाच नको. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या बदल्या संगणकावर आणल्या आणि अवघड क्षेत्रात काढलेल्या सेवेला मोल दिलं. त्यावरून आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले, 2021 मध्ये धोरण सुधारावंही लागलं. माझ्या मते तरी या साठ वर्षांतली ही सर्वांत प्रामाणिक सुधारणा.

भरतीचा रस्ता मात्र खाचखळग्यांचा निघाला. 2019 ची जिल्हा परिषदांची जाहिरात निघाली, पोरांनी शुल्क भरलं, परीक्षा लांबत गेली आणि शेवटी भरतीच रद्द झाली. मधल्या काळात शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाला आणि 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. 2023 मध्ये 19,460 पदांची जाहिरात आली, परीक्षा बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेकडे गेली. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या जागा मात्र न्यायालयात अडकल्या. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात हा फटका थेट घराघरात बसला.

या सगळ्यात ग्रामपंचायतीचा कर्मचारी कुठे आहे? तो जिल्हा सेवेत नाहीच. लोकसंख्येवरून ठरलेल्या मंजूर पदांच्या आकृतिबंधात बसला तर किमान वेतनात शासनाचा वाटा मिळतो, तोही गावच्या वसुलीवर अवलंबून. म्हणजे घरपट्टी आपण थकवायची आणि पगार त्याचा अडायचा. त्याला वर जायला दरवाजा एकच : जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड मधल्या 10 टक्के जागा. त्या ज्येष्ठता यादीवरून भरतात, आणि परिषदेची भरती थांबली की तोही दरवाजा बंद. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एक होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाली. टेबलापलीकडच्या माणसाचं पदनाम बदललं, पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी फिरवणाऱ्या माणसाचं काहीच बदललं नाही.

ज्येष्ठतेला माझा विरोध नाही. पण पाणी तपासण्याचं, वीजपंप हाताळण्याचं त्याचं कौशल्य मोजणारी साधी प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्याचं रीतसर सेवापुस्तक, एवढं तरी हवंच. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढं विचारा : आपल्या गावच्या कर्मचाऱ्याचं नाव जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत आहे का, आणि कितव्या क्रमांकावर? आणि जाण्याआधी आपली घरपट्टी भरून टाका.