छडीखालीं झांकलेला देश



छत्तीस वर्षें मी शाळेंत भूगोल शिकविला. बाल्कन द्वीपकल्प आला म्हणजे ग्रीसवर दोन तास, बल्गेरियाच्या गुलाबांवर अर्धा तास, आणि आल्बेनिया या नांवावर नुसती छडी टेंकवून पुढें जावयाचें, असा माझा परिपाठ असे. परीक्षेंत त्यावर प्रश्न येत नसे, आणि मलाहि त्याची माहिती नव्हती. हें दुसरें कारण अधिक खरें. गेल्या वर्षीं मुलाच्या आग्रहानें त्या देशांत दहा दिवस काढण्याचा योग आला. त्या छडीचें ऋण अंशतः तरी फेडावें म्हणून हें भाषण.

ग्रीसच्या वायव्येस, समुद्रकांठीं वसलेला हा देश २८,७४८ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या कोंकण विभागाहून किंचित् लहान आहे. २०२३ च्या शिरगणतींत लोकसंख्या सुमारें चोवीस लाख भरली. तेथील लोक त्यास श्चिपरी म्हणतात व ‘गरुडांची भूमि’ असा त्याचा अर्थ लावतात. तांबड्या निशाणावर दोन मस्तकांचा काळा गरुड आहे. होकार देतांना जुनीं माणसें मान आडवी हलवितात. मराठी माणसानें यांत नवल मानूं नये. आपल्या मानेचा अर्थ तरी परक्यास कोठें चटकन् कळतो!

प्रथम पाहावें तें बेरात. ओसूम नदीच्या कांठीं डोंगराच्या उतरणीवर पांढरीं घरें एकावर एक चढत गेलीं आहेत आणि त्यांच्या खिडक्या नदीकडे टक लावून बसल्या आहेत. म्हणून यास सहस्र खिडक्यांचें नगर म्हणतात. किल्ला म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पडके बुरूज आणि निवडुंग उभे राहतात. येथें तटाच्या आंत अजून संसार चालले आहेत, दोरीवर कपडे वाळत आहेत, दाराशीं आजीबाई विणकाम घेऊन बसल्या आहेत. तेथल्याच एका देवळांत सोळाव्या शतकांतील ओनुफ्री या चित्रकाराचीं चित्रें ठेविलीं आहेत. त्याचा तांबडा रंग पाहिल्यावर शेजारचे रंग फिके वाटूं लागतात. जांभळ्या चर्मपत्रांवर चांदीच्या अक्षरांनीं लिहिलेली सहाव्या शतकांतील बायबलची पोथी याच गांवची. दुसऱ्या महायुद्धांत ती लपवून ठेवण्यांत आली व १९६८ मध्यें पुन्हा हातीं लागली. आतां ती राजधानी तिराना येथील दप्तरखान्यांत आहे.

दक्षिणेस जिरोकास्तर हें दुसरें नगर. येथें घरांचीं छपरेंसुद्धां दगडी फरशांचीं. या एकाच गांवीं १९०८ मध्यें एन्व्हर होजा जन्मला व १९३६ मध्यें कादंबरीकार इस्माईल कादारे. पहिल्यानें १९४४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९८५ पर्यंत, देश मुठींत ठेवला; दुसऱ्यास २००५ मध्यें पहिलें आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालें आणि २०२४ मध्यें तो वारला.

होजाची राजवट पुढें १९९१ मध्यें संपली, पण तिच्या खुणा प्रवाशास चुकवितां येत नाहींत. शत्रु येणार या धास्तीनें शेतांत, समुद्रकांठीं, घाटांत त्यानें दीड लाखांहून अधिक काँक्रीटचीं खंदकघरें बांधविलीं. शत्रु आलाच नाहीं. तिरानाजवळ डोंगराच्या पोटांतील त्याचें भुयार २०१४ पासून संग्रहालय म्हणून खुलें आहे. तें अवश्य पाहावें.

१९६७ मध्यें या देशानें धर्माचरणच बेकायदा ठरविलें. देशाबाहेर जाणेंहि बंद, बाहेरच्यानें आंत येणेंहि कठीण. मदर तेरेसा जन्मल्या १९१० मध्यें स्कोप्ये येथें, पण कुटुंब आल्बेनियन. त्यांची आई व बहीण तिरानांत राहत. कलकत्त्याच्या रस्त्यांवरील मुमूर्षूंस ज्यांनीं उराशीं धरलें, त्यांना आईच्या उशाशीं बसावयास परवानगी मिळाली नाहीं. आई १९७२ मध्यें गेली, बहीण १९७३ मध्यें. १९८९ मध्यें त्यांना प्रवेश मिळाला तेव्हां भेटावयास थडगींच उरलीं होतीं. आतां तिरानाच्या विमानतळास त्यांचें नांव आहे. तें वाचतांच मुलगा फोटो काढूं लागला; मला मात्र थोडा वेळ बाजूला उभें राहावेंसें वाटलें.

त्याच लोकांची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ‘बेसा’ म्हणजे दिलेला शब्द. दाराशीं आलेल्या पाहुण्याचें रक्षण हा त्यांत आलाच. दुसऱ्या महायुद्धांत या शब्दाखातर शेतकऱ्यांनीं ज्यूंना घरांत लपविलें, आणि युद्धारंभीं होते त्यांहून अधिक ज्यू युद्धाअखेरीस तेथें हयात होते.

क्रूया येथें स्कंदरबेगाचा किल्ला आहे. १४४३ पासून १४६८ पर्यंत, मृत्यु येईतों, तो तुर्कांशीं झुंजला; किल्ला पडला तो तो गेल्यावर दहा वर्षांनीं. दक्षिण टोंकास बुत्रिंत येथें ग्रीक नाट्यगृह पाण्यांत अर्धवट बुडालेलें आहे. तेथें सकाळीं लौकर जावें, दुपारीं बेडूक व प्रवासी दोघेहि फार. व्ह्योसा नदीस २०२३ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. धरण न बांधलेली नदी कशी पसरते, वळते, वाळूचीं बेटें टाकीत जाते, हें मीं वर्गांत खडूनें कितीदां काढलें असेल. प्रत्यक्ष तेथें पाहिलें.

ज्यांस जाणें शक्य असेल त्यांनीं मे किंवा सप्टेंबर महिना निवडावा. आगगाडीचा भरंवसा धरूं नये, बसगाड्या बऱ्या. आणि जिरोकास्तरच्या गल्ल्यांतील दगड पावसांत फार निसरडे होतात. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं काठी बरोबर न्यावी.