शाळेचा पट आणि संघाची आशा

अमेरिकेंत शाळाशाळांतून चालणारा फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. त्यांत अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धावावयाचें असतें व अंगाशीं अंग भिडतें. अशा खेळांत दोन हजार मुलांच्या शाळेपुढें शंभर मुलांची शाळा उभी करणें ही स्पर्धा नव्हे, शिक्षाच होय.

यास्तव टेक्सस राज्यांतील युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीगनें शाळांचे पटसंख्येवरून सहा वर्ग केले आहेत. दर दोन वर्षांनीं पट मोजून नवी वांटणी होते. सर्वांत लहान वर्गांत अकरांऐवजीं सहा गड्यांचा खेळ चालतो. हा प्रकार १९३४ सालीं नेब्रास्कांत निघाला.

मग येत्या हंगामाचें अनुमान कसें बांधावें? केवळ गतवर्षींचे विजय मोजून नव्हे. शाळा सोडून कोण गेले, कोण उरले व राखीव गडी किती, हें आधीं पाहावें. मोठ्या शाळेंत चढाईचे व बचावाचे गडी निराळे असतात. लहान शाळेंत बहुधा तींच मुलें दोन्ही कामें करितात व उत्तरार्धांत थकतात. थोडीं मुलें वाढलीं कीं सीमेवरील शाळा वरच्या वर्गांत जाते व तेथें लहानांत गणली जाते. तिच्या पराजयास मुलांचा आळस कारण म्हणणें अन्यायाचें आहे.

आपल्याकडे १९६० सालीं सुरू झालेल्या सुब्रतो चषकांत गट वयावरून पडतात. माप निराळें, हेतु एकच: जोड तुल्यबळ असावी. म्हणून पालकांनीं निकाल विचारण्यापूर्वीं प्रतिपक्ष कोण होता हें विचारावें, अशी आमची विनंती आहे.