खिशातला नकाशा (भाग ७) : आठ तास, पण कुठून कुठपर्यंत?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई प्रवास आठ तासांवर आल्याची बातमी सगळीकडे झळकली. आकडा खोटा नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता आणि सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा, म्हणजे मध्ये जेवणखाण धरूनही हिशोब जुळतो. फक्त हा महामार्ग सुरू होतो नागपूरबाहेर शिवमडका इथे आणि संपतो ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळच्या आमणे गावी. इतवारीतून निघून दादरला पोचायचे असेल, तर नागपूर शहरातून बाहेर पडण्याचा वेळ आणि भिवंडी-ठाण्याची वाहतूक यांचा हिशोब प्रवाशाने स्वतःच करायचा.

प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या अ‍ॅपपुढेही नेमका हाच घोळ होतो. ‘मुंबई ते पुणे’ एवढेच टाकले की अ‍ॅप दोन्ही शहरांसाठी एकेक ठिपका धरून मोकळे होते. बोरिवलीहून हडपसरला जाणाऱ्याचा आणि वाशीहून वाकडला जाणाऱ्याचा प्रवास एकाच द्रुतगती मार्गावरून होतो, पण दोघांच्या वेळेत तासाभराहून जास्त तफावत सहज पडते. म्हणून कोणते अ‍ॅप चांगले, या प्रश्नाआधी अ‍ॅपला नेमके काय विचारायचे हे ठरवलेले बरे.

रस्ता शोधण्याचे गणित तसे जुने आहे. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाला १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलही न घेता, वीसेक मिनिटांत ते सुचले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा त्याचा प्रश्न होता. आर्मॅक नावाच्या संगणकावर हे दाखवण्यासाठी त्याने नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा घेतला. आजच्या अ‍ॅप्सच्या मुळाशी याच घराण्यातली गणिते आहेत. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि सगळ्यांत कमी बेरजेचा मार्ग निवडायचा. डाइक्स्ट्राच्या नकाशात तो आकडा अंतराचा होता. आता तो मिनिटांचा असतो, आणि मिनिटे दर तासाला बदलतात.

ही मिनिटे येतात कुठून? बहुतांशी रस्त्यावरच्या फोनांतून. लोकेशन चालू ठेवून गाडीत बसलेला प्रत्येक जण नकळत आपला वेग कळवत असतो. बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० च्या फेब्रुवारीत याची गंमत जगाला दाखवली. त्याने एका हातगाडीत ९९ स्मार्टफोन भरले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला. एक माणूस, एक हातगाडी आणि नकाशावर वाहतूक कोंडी!

गेल्या आठवड्यांतला वेगाचा इतिहास आणि या क्षणीचा वेग यांची सांगड घालून पुढचा अंदाज बांधला जातो. २०२० मध्येच गूगलने डीपमाइंड या आपल्या भगिनी कंपनीसोबत नवी पद्धत आणली. रस्त्याचे लगतचे तुकडे एकत्र जोडून त्यांच्यावरची वाहतूक एकमेकींवर कसा परिणाम करते, हे यंत्राला शिकवले गेले. काही शहरांत चुकीच्या अंदाजांचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचे कंपनीने सांगितले. उदाहरणे होती बर्लिन, जकार्ता, साओ पाउलो, सिडनी, टोकियो, वॉशिंग्टन. सगळी महानगरे. वैभववाडी-गगनबावडा घाट त्या यादीत नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

लांबच्या प्रवासात बहुतेकांची फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. गुरुवारी रात्री अकरा वाजता घरी बसून अ‍ॅप उघडायचे, ठाणे ते पुणे अडीच तास वाचायचे आणि शनिवारी सकाळी आठला निघायचे. अ‍ॅपने सांगितलेले अडीच तास गुरुवारी रात्री अकराचे होते. शनिवारी खालापूरचा टोलनाका आणि बोरघाटाची चढण यांचे गणित पार निराळे असते. यावर उपाय अ‍ॅपमध्येच आहे आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक तो वापरतात. गूगल मॅप्समध्ये निघण्याची किंवा पोचण्याची वेळ भरता येते. ती भरली की एका आकड्याऐवजी दोन मिळतात, म्हणजे कमीत कमी इतका वेळ आणि जास्तीत जास्त इतका. गूगलची हीच सेवा विकत घेऊन स्वतःची अ‍ॅप्स बनवणाऱ्यांना तर आशावादी, निराशावादी आणि सर्वांत संभाव्य असे तीन अंदाज मागण्याची सोय आहे. लग्नाचा मुहूर्त, विमान किंवा मुलाखत गाठायची असेल तर मोठा आकडाच खरा मानावा. लहान आकड्यावर बेत आखणे हा जुगार आहे.

सणासुदीला मात्र इतिहासही दगा देतो. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रांग लागते ती तिथीप्रमाणे. नेहमीच्या आठवड्यांवर पोसलेला अंदाज त्या दोन-तीन दिवसांसाठी कुचकामी ठरतो. त्या वेळी अवजड वाहनांवरच्या बंदीचे आणि पर्यायी मार्गांचे पोलिसांचे जाहीर निवेदन वाचणे हे कोणत्याही अ‍ॅपहून उपयोगी.

आता गाडीचा प्रकार. अ‍ॅपचा नेहमीचा अंदाज कारचा असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, बस-ट्रकला ८० ची. घाट बाजूला ठेवून, निव्वळ भागाकार केला तरी कारला ५७ मिनिटे आणि बसला ७१ मिनिटे लागतात. घाटात हे अंतर आणखी वाढते. वऱ्हाडाची बस ठरवणारे यजमान कारचा वेळ सांगून पाहुण्यांना बोलावतात आणि मग जेवणाच्या पंगती थांबवाव्या लागतात, त्याचे मूळ इथे आहे. दुचाकीस्वारांचे दुखणे आणखी वेगळे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, तिला जुन्या महामार्गानेच जावे लागते. गूगलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारतात दुचाकीचा खास पर्याय आणला. तो न निवडता पाहिलेली वेळ दुचाकीस्वाराच्या काहीच कामाची नाही.

रेल्वेच्या बाबतीत नकाशाचे अ‍ॅप हे दुसऱ्या हाताचे साधन. मूळ माहिती रेल्वेच्या राष्ट्रीय चौकशी प्रणालीत, म्हणजे एनटीईएसवर असते आणि १३९ या क्रमांकावरही मिळते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे बंगळुरूत जन्मलेले अ‍ॅप गूगलने २०१८ मध्ये विकत घेतले. त्याची खुबी अशी की आपण गाडीत बसलेले असू तर इंटरनेट आणि जीपीएस दोन्ही नसतानाही जवळच्या मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते कळते. फलाटावर वाट पाहणाऱ्याला हा चमत्कार उपयोगाचा नाही, त्याने एनटीईएसच पाहावे. आणखी एक बारकावा. वेळापत्रकात शेवटच्या स्थानकाआधी बऱ्याच गाड्यांना थोडी सैल वेळ दिलेली असते. त्यामुळे वाटेत पंधरा मिनिटे उशिरा धावणारी गाडी शेवटी वेळेवर पोचू शकते. वाटेत उतरणाऱ्याच्या नशिबी ही भरपाई नाही.

कोकण रेल्वेवर तर पावसाळ्याचे वेळापत्रकच वेगळे. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे लागू असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होते. दरडी आणि जोरदार पाऊस यांमुळे वेग मुद्दाम कमी ठेवला जातो. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली येण्याच्या सूचना चालकांना असतात. एप्रिलमध्ये काढून ठेवलेला वेळापत्रकाचा फोटो जुलैत चालत नाही.

घाटात मोबाइलची रेंज जाते तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारखी अ‍ॅप्स कामी येतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेता येतो. लोकांनी मिळून भरलेला हा नकाशा कित्येक ठिकाणी बड्या कंपन्यांपेक्षा बारीक आहे, पायवाटा आणि आडवाटा त्यात सापडतात. पण त्यांच्या वेळेवर विसंबू नये. रस्ता राज्यमार्ग की गावरस्ता एवढे पाहून वेग गृहीत धरला जातो. पुढे ट्रक उलटला आहे, हे त्यांना ठाऊक नसते. गूगलचा नकाशा उतरवून घेतला तरी रेंज गेल्यावर ताजी वाहतूक दिसत नाहीच.

आणि वेळ वाचवणारी आडवाट? अमेरिकेत न्यू जर्सीच्या लिओनिया या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी सुमारे ६० गल्ल्या बाहेरच्या वाहनांना बंद केल्या. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या पुलावर कोंडी झाली की अ‍ॅप्स सगळ्यांना याच गल्ल्यांतून काढत. तिथे प्रश्न त्रासाचा होता. आपल्याकडे तो जिवाचा होतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याच्या प्रवाशांची कार रात्री अ‍ॅपच्या सांगण्यावरून धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. वर्षातले काही महिने तो पूल पाण्यात जातो, हे गावकऱ्यांना माहीत होते. अ‍ॅपला नव्हते. रात्री, अनोळखी मुलखात, वीस मिनिटे वाचवणारा अरुंद रस्ता नाकारावा.

गूगल मॅप्स, वेझ किंवा मॅपल्स, यांतले जे वापरात असेल त्यात रस्ता बंद असल्याचे कळवण्याची सोय आहे. आपल्या गावचा पूल पाण्याखाली जात असेल, घाट दरडीने बंद असेल, तर वाचकांनी ते जरूर कळवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

(पुढील आठवड्यात : टोलचा खर्च आधी कसा काढावा)