खासदार निधी : मागावे काय, मागू नये काय

खासदारांच्या दौऱ्यात निवेदनांचा ढीग पडतो, पण बरीच निवेदने चुकीच्या दाराशी जातात. १९९३ साली सुरू झालेल्या स्थानिक विकास निधीतून खासदारांना दरवर्षी ५ कोटींची कामे सुचविता येतात. पैसा त्यांच्या हाती येत नाही. ते शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एस.टी.चा प्रवासी निवारा, रस्ता, कब्रस्तानातील शेड यात बसते. मशीद-मंदिराचे बांधकाम किंवा व्यापारी गाळे बसत नाहीत. कारागिराला कर्जही यातून नाही. त्यासाठी मौलाना आझाद महामंडळाकडे जावे.

रेल्वेची गोष्ट निराळी. कापसासाठी १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा झाला, पण रूळ पुढे जालन्याकडे सरकलाच नाही. चिखली, मेहकर, बुलढाण्याचे कापड आजही ट्रकने येते आणि भाडे शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी. हे काम ५ कोटींचे नव्हे, ते दिल्लीत आणि मुंबईत ठरते. २००९ पासून येथून निवडून येणारे प्रतापराव जाधव जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. तेव्हा मागणी त्यांच्याकडे करावीच. मात्र नुसत्या सह्या नकोत (सह्यांचे कागद फायलीत झोपतात). व्यापारी संघटनेने वर्षभराच्या बिल्ट्या काढाव्यात, किती गाठी आल्या आणि भाडे किती गेले याचा हिशेब निवेदनाला जोडावा, आणि एक प्रत आमदारांनाही द्यावी, कारण अशा मार्गाच्या खर्चात राज्याचा वाटाही लागतो.